क्रुएल्टी-फ्री मेकअप आणि स्किनकेअर: काय बघायचं, कंपनीला काय विचारायचं

पारिजात

मेकअप आणि स्किनकेअर क्रुएल्टी-फ्री, म्हणजे प्राण्यांवर चाचणी न केलेलं, वापरायचं ठरवून आता बराच काळ झाला. ओळखीतल्या बऱ्याच जणी त्याबद्दल विचारतात आणि पहिला प्रश्न हमखास हाच येतो: "आपल्याकडे तर प्राण्यांवरच्या चाचण्यांना बंदी आहे ना, मग वेगळं काय बघायचं?" एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

बंदी आहे, आणि चांगली कडक आहे. मे २०१४ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दुरुस्ती झाली आणि भारतात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला मनाई झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून, प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं बाहेरून आणायलाही बंदी आली. २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्ये या दोन्ही तरतुदी तशाच ठेवल्या आहेत. दक्षिण आशियात हे पाऊल उचलणारा आपला देश पहिला, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण कायदा इथे विकल्या जाणाऱ्या वस्तूपुरता बोलतो. तीच कंपनी दुसऱ्या देशात माल विकण्यासाठी चाचण्या करून घेत असेल, तर आपला कायदा तिला काही करू शकत नाही. २०१४ पर्यंत चीनमध्ये विकायच्या प्रसाधनांना प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. त्या वर्षी चीनमध्येच बनणाऱ्या साध्या प्रसाधनांना सूट मिळाली. आयात होणाऱ्या साध्या प्रसाधनांना ती १ मे २०२१ पासून मिळाली, तीही सुरक्षिततेची कागदपत्रं पूर्ण असतील तरच. म्हणजे मधली कित्येक वर्षं अनेक मोठे ब्रँड भारतात आणि युरोपात "आम्ही चाचणी करत नाही" म्हणत होते आणि चीनसाठी ती होऊ देत होते. माझे पैसे कंपनीच्या गल्ल्यात जातात, म्हणून मी सगळ्या कंपनीचा हिशेब बघते.

दुसरा गोंधळ क्रुएल्टी-फ्री आणि व्हीगन (प्राणिज घटक नसलेलं) यांचा. चाचणी केलेली नसली तरी घटक प्राण्याचा असू शकतो, आणि व्हीगन लिहिलेल्या वस्तूची चाचणी झालेली असू शकते. दोन्ही वेगवेगळं बघावं लागतं.

घरात होतं ते मी फेकलं नाही. ज्या प्राण्याला त्रास व्हायचा तो होऊन गेला, ट्यूब कचऱ्यात टाकून तो कमी होत नाही. जे संपेल त्याच्या जागी नवीन आणताना बघून घ्यायचं. फेसवॉश, मॉइश्चरायझर, शाम्पू भराभर संपतात, तिथून सुरुवात सोपी जाते. फाउंडेशन शेवटी, कारण आपल्या रंगाला जुळणारी छटा मिळवायलाच वेळ लागतो.

तुमचे अनुभव लिहा. फक्त ब्रँडची नावं न देता, तुम्ही काय तपासलंत तेही सांगा.

रानवारा

छान विषय. वाचतेय. चाचणी म्हणजे नेमकं काय करतात हे कुणी सांगेल का? "सशांवर प्रयोग" एवढंच कायम ऐकलंय.

सूक्ष्मदर्शक

मी विषशास्त्रात काम करतो, म्हणून लिहितो. वाचायला त्रास होईल, पण विचारलंय तर नीट सांगायला हवं.

सगळ्यात कुप्रसिद्ध आहे ती ड्रेझ चाचणी. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेतले जॉन ड्रेझ यांनी १९४४ मध्ये ती मांडली. पांढरा, लाल डोळ्यांचा ससा घेतात. खालची पापणी हलकेच ओढून तिची खोळ करतात आणि तिच्यात ०.१ मिलि पदार्थ टाकतात. पापण्या क्षणभर मिटून धरतात. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात. मग १ तास, २४, ४८ आणि ७२ तासांनी डोळा बघून गुण द्यायचे: बुबुळावरचा पारदर्शक पडदा किती गढुळला, लाली किती, सूज किती, स्राव किती. एकूण ११० गुण, त्यातले ८० त्या पडद्याचे. पंजाने डोळा चोळता येऊ नये म्हणून सशाची मान खोड्यात अडकवून ठेवत, आणि कित्येक दशकं हे सगळं भूल न देता चालत असे.

ससाच का? स्वस्त, गरीब स्वभावाचा, डोळे मोठे, आणि डोळ्यात गेलेलं वाहून जाईल इतकं पाणी त्याला येत नाही. पण त्याच्या डोळ्याची ठेवण आपल्यापेक्षा वेगळी आहे. त्याला तिसरी पापणी असते, पडदा पातळ असतो. त्यामुळे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. शास्त्रज्ञांमध्येच ही तक्रार फार जुनी आहे.

आता पर्यायांबद्दल, कारण तोही भाग तितकाच महत्त्वाचा आहे. माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवून छोट्या वाटीसारख्या साच्यात वरच्या त्वचेचा थर तयार करतात. त्यावर पदार्थ लावायचा, धुवायचा, काही काळ ठेवायचं, मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. जांभळेपणा यंत्रावर मोजायचा. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत राहिल्या असतील तर पदार्थ त्वचेला दाहक. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही पद्धत २०१० मध्ये स्वीकारली. डोळ्यासाठीही असेच ऊतींचे थर आहेत. "प्राणी नाही तर सुरक्षिततेचं काय" या प्रश्नाला आज चांगलं उत्तर उपलब्ध आहे.

रानवारा

वाचून पोटात तुटलं. पण धन्यवाद, हे माहीत असायलाच हवं होतं.

वाटसरू

या विषयात पुण्याचा वाटा मोठा आहे, त्याची नोंद इथे व्हायला हवी. ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही चळवळ १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये लेडी म्युरिएल डाउडिंग यांनी सुरू केली. तिची भारतातली शाखा १९७४ मध्ये उभी राहिली, पुण्यात, डायना रत्नागर यांच्या पुढाकाराने. इंटरनेट नव्हतं, लेबलवर घटक छापायची पद्धतही धड रुळली नव्हती, तेव्हापासून ही मंडळी कोणत्या वस्तूत प्राणिज काय आहे ते खणून काढून लोकांपर्यंत पोचवत आली आहेत. खाद्यपदार्थांवरचे शाकाहारी-मांसाहारी ठिपके आज आपण गृहीत धरतो, त्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता.

जगाच्या पातळीवर पाहिलं तर १९८० हे वर्ष महत्त्वाचं. हेन्री स्पायरा या कार्यकर्त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पूर्ण पानाची जाहिरात देऊन विचारलं की सौंदर्यासाठी रेव्हलॉन किती सशांना आंधळं करते? त्याच वर्षी रेव्हलॉनने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. ग्राहकांनी आवाज केला की कंपन्या हलतात.

नथ_नऊवारी

मी लग्नाचे मेकअप करते. आमच्या धंद्यात सगळे लिपस्टिक-फाउंडेशनचं बोलतात, ब्रशकडे कुणाचं लक्ष जात नाही. पावडरचे महागडे ब्रश बरेचदा बकरीच्या केसांचे असतात, डोळ्यांचे काही खारीच्या किंवा सेबलच्या केसांचे. "नॅचरल हेअर" लिहिलं असेल तर ते प्राण्याचे केस असंच समजायचं. सिंथेटिक ब्रशवर "सिंथेटिक", "नायलॉन" किंवा "टॅकलॉन" लिहिलेलं असतं.

काम कसं होतं, हे लोक विचारतात. क्रीम आणि लिक्विडसाठी सिंथेटिक सरस आहे, केस प्रॉडक्ट पीत नाहीत आणि धुतल्यावर लवकर वाळतात. लग्नसराईत एकामागून एक नवरी असते तेव्हा ही फार मोठी सोय आहे. कोरड्या पावडरला बकरीचा ब्रश जरा जास्त पावडर उचलतो, हे प्रामाणिकपणे सांगते. पण सिंथेटिकमध्ये लाटेसारखे वळलेले केस असलेले ब्रश येतात, त्यांनी तेही काम नीट होतं. चिकटवायचे नकली पापण्यांचे केस, म्हणजे लॅशेस, "मिंक" या प्राण्याच्या केसांचे असतील तर घेऊ नका.

सुपारी

पुरुषांसाठी एक भर: दाढीचे पारंपरिक ब्रश बॅजरच्या किंवा डुकराच्या केसांचे असतात. सिंथेटिक ब्रश फेस छान काढतो आणि लवकर सुकतो.

निळासावळा

विरोधासाठी विरोध म्हणून लिहीत नाही, मला हा प्रश्न खरंच छळतो. क्रुएल्टी-फ्रीची खूण म्हणून सशाचं चित्र असलेल्या हायलायटरमधली चमक बहुतेक वेळा अभ्रकाची, म्हणजे मायकाची असते. झारखंडात कोडरमा, गिरिडीह भागात सोडून दिलेल्या खाणींमधून लहान मुलं अभ्रकाचे तुकडे वेचतात. बीळ खचून माणसं दगावल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. ससा वाचला आणि पोर बिळात उतरलं, तर त्या डबीला क्रुएल्टी-फ्री कसं म्हणायचं?

पारिजात

निळासावळा, फार महत्त्वाचं लिहिलंत. मला हे दोन विषय एकमेकांच्या विरोधात आहेत असं वाटत नाही. ज्या बाईला डबीच्या मागचं बारीक अक्षर वाचायची सवय लागते, तीच उद्या अभ्रक कुठून येतं हेही विचारते. प्राण्यांच्या प्रमाणपत्रात खाणकामगार येत नाहीत, हे मात्र अगदी खरं. ते वेगळं विचारावं लागतं.

विचारायचं ते असं: घटकांच्या यादीत "मायका" किंवा सीआय ७७०१९ (सीआय म्हणजे रंगद्रव्याचा क्रमांक) दिसलं तर ते कुठल्या खाणीतून येतं ते कंपनीला विचारा. "सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट" लिहिलं असेल तर ते कारखान्यात बनवलेलं अभ्रक. २०१७ पासून रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह नावाची संघटना या पुरवठ्यावर काम करते, तुमची कंपनी तिची सदस्य आहे का हेही विचारता येतं. अर्थात कारखान्यातलं अभ्रक वापरून त्या गावांच्या रोजीरोटीचा प्रश्न सुटत नाही. तिथे शाळा आणि नीट मजुरी हवी आहे. पण निदान आपली चमक कुठल्या पोराच्या हातून येत नाही ना, एवढं तरी बघता येतं.

निळासावळा

पटलं. सीआय नंबरची ही युक्ती माहीत नव्हती. आणखी कुठले नंबर लक्षात ठेवायचे?

पारिजात

लाल लिपस्टिक आणि ब्लशवर सीआय ७५४७० बघा. हे कार्माइन, कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग. आपल्याकडे फड्या निवडुंगावर पांढरी, कापसासारखी कीड दिसते ना, चिरडली की लाल होणारी, तिच्याच कुळातला हा किडा. पेरूमध्ये निवडुंगावर त्याची शेती करतात, मग वाळवून कुटतात. "नॅचरल रेड ४" म्हणजेही तेच. सीआय ७५१७० म्हणजे ग्वानिन, माशांच्या खवल्यांतून काढलेली मोत्यासारखी झळाळी.

बाकी नावं: लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट अंश, लिप बाममध्ये हमखास असतो. स्क्वालीन पूर्वी शार्कच्या यकृतातून काढत, आता "स्क्वालेन" ऑलिव्ह किंवा उसापासूनही बनतं, बाटलीवर वनस्पतिजन्य लिहिलंय का ते बघा. साबणावर "सोडियम टॅलोवेट" असेल तर ती जनावराची चरबी. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड दोन्हीकडून येऊ शकतं, नुसत्या नावावरून कळत नाही, विचारावंच लागतं.

आणि हिरवा ठिपका. प्रसाधनांवर तो अन्नासारखा सक्तीचा नाही. आहे तिथे घटकांबद्दल सांगतो, चाचणीबद्दल काही सांगत नाही.

माई_सातारकर

मुलींनो, माझ्या आईच्या कुंकवाच्या करंड्यात एका खणात मेण असायचं. कपाळाला आधी मेणाचं बोट, त्यावर कुंकू. ते मेण मधमाशीचंच. मला त्यात क्रूरपणा दिसत नाही, पोळ्यातला मध काढल्यावर राहिलेलं मेण आई आटवून गाळून ठेवायची. तुमच्या हिशेबात ते चालतं का?

पारिजात

माई, क्रुएल्टी-फ्रीच्या हिशेबात नक्की चालतं. त्यावर कुणी चाचणी केलेली नाही. व्हीगन वापरणाऱ्यांना मधमाशीचं मेण चालत नाही, त्यांच्यासाठी कँडेलिला किंवा कार्नाउबा ही झाडांपासूनची मेणं आहेत. मी स्वतः कार्माइन आणि शार्कचं तेल टाळते, मेणाच्या बाबतीत पोळी जाळून, माश्या मारून काढलेलं नको एवढंच बघते. प्रत्येकीने आपली रेघ कुठे ओढायची ते ठरवावं. हळद आणि चुन्याचं घरचं कुंकू असेल तर त्याच्याइतकं स्वच्छ काही नाही.

राईनकाठ

मी जर्मनीत राहते. इकडे बऱ्याच भारतीय मैत्रिणींचा समज आहे की युरोपातलं सगळं आपोआप क्रुएल्टी-फ्री. पाया खरंच भक्कम आहे: २००४ मध्ये तयार प्रसाधनांची चाचणी बंद, २००९ मध्ये त्यातल्या घटकांची, आणि ११ मार्च २०१३ पासून बाहेर कुठेही प्रसाधनासाठी चाचणी केलेली नवी वस्तू विकायलाही बंदी.

पण रसायनांचा एक वेगळा कायदा आहे, रीच. कारखान्यात रसायन हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी त्या कायद्याखाली प्राण्यांवर चाचणी मागितली जाऊ शकते, भले ते रसायन फक्त प्रसाधनातच वापरलं जात असो. सिमराइज या जर्मन कंपनीने सनस्क्रीनमधल्या दोन घटकांबाबत याविरुद्ध दाद मागितली होती, त्यातला एक होमोसॅलेट. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयात ती हरली. इथल्या प्राणिप्रेमी संघटनांना तो मोठा धक्का होता. म्हणून मी सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड असलेलं निवडते आणि त्याच्या जोडीने प्रमाणपत्रही बघते.

रानवारा

प्रमाणपत्रांचाच घोळ होतो माझा. एवढे ससे छापलेले असतात, खरा कुठला?

वाटसरू

दोन मुख्य. लीपिंग बनी, म्हणजे उडी मारणारा ससा. अमेरिका-कॅनडात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संघटनांच्या गटाचा, इतरत्र क्रुएल्टी फ्री इंटरनॅशनलचा. यात कंपनीला एक तारीख ठरवून द्यावी लागते आणि त्यानंतर तयार मालाचीच नव्हे तर घटक पुरवणाऱ्यांकडेही चाचणी होत नाही याची व्यवस्था दाखवावी लागते. बाहेरून तपासणीही होते. दुसरी पेटा या प्राणिहक्क संघटनेची यादी, ती प्रामुख्याने कंपनीच्या लेखी हमीवर चालते. तीही उपयोगी आहे, पण काटेकोरपणात मी लीपिंग बनीला वर ठेवतो.

तिसरा प्रकार, कंपनीने स्वतःच चितारलेला ससा. त्याला काही अर्थ नाही. अमेरिकेच्या एफडीएने तर स्पष्टच सांगितलंय की "क्रुएल्टी-फ्री" या शब्दाची कायद्यात व्याख्याच नाही.

सई_ठाणे

लहान भारतीय कंपन्यांना प्रमाणपत्र परवडत नाही, मग काय? माझ्या ओळखीची एक बाई घरगुती बाम बनवते, ती कुठून आणणार ससा?

पारिजात

सई, म्हणून मी मेल लिहिते. नमुना देते, हवा तर उचला:

"तुमच्या तयार मालाची, त्यातल्या घटकांची किंवा तुमच्या पुरवठादारांकडे, जगात कुठेही प्राण्यांवर चाचणी होते का? तुमच्या वतीने दुसरं कुणी करतं का? एखाद्या देशाच्या कायद्याने मागितल्यास तुम्ही करू देता का? कार्माइन, लॅनोलिन, ग्लिसरीन कशापासूनचं आहे?"

उत्तर बारकाईने वाचायचं. एका मोठ्या कंपनीकडून मला आलं होतं: "आम्ही आमच्या उत्पादनांची प्राण्यांवर चाचणी करत नाही, कायद्याने आवश्यक असेल तेथे वगळता." त्या शेवटच्या चार-पाच शब्दांत सगळं उत्तर आहे. "तयार उत्पादनाची चाचणी केलेली नाही" असं लिहिलं तर घटकांचं काय, हा प्रश्न उरतोच. याउलट घरगुती बाम करणाऱ्या बाईने "तेल अमुक घाण्यावरून आणते, मेण तमुककडून" असं सरळ सांगितलं, तर मला तेवढं पुरतं.

नथ_नऊवारी

मूळ कंपनीचं काय करता? गार्निएला २०२१ मध्ये लीपिंग बनी मिळालं, पण मालकी लॉरिआलची. डव्ह २०१८ पासून पेटाच्या यादीत, मालक युनिलिव्हर.

पारिजात

इथे दोन मतं आहेत आणि मला दोन्हींबद्दल आदर आहे. काही जणी म्हणतात, नफा शेवटी वरच जातो, म्हणून नको. मी घेते. मोठ्या कंपनीचा क्रुएल्टी-फ्री ब्रँड खपला तर बाकीचेही तसे करायला तिला कारण मिळतं. शिवाय हे ब्रँड गावातल्या दुकानातही मिळतात. हा विचार फक्त मुंबई-पुण्याच्या मॉलपुरता राहावा असं मला वाटत नाही.

सूक्ष्मदर्शक

दोन सूचना. एक, पूर्ण आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेतलेली क्रीम, तेलं कॉस्मेटिक्स रूल्सखाली येत नाहीत, त्यामुळे २०१४ ची बंदी त्यांना आपोआप लागू आहे असं धरू नका. पाठीमागचा परवाना कसला आहे ते बघा.

दोन, घरगुती म्हणजे निर्धोक असं नाही. मुलतानी माती, मसुराचं पीठ, शिकेकाई उत्तम. पण चेहऱ्यावर थेट लिंबू आणि खायचा सोडा लावून त्वचा भाजून घेतलेले लोक त्वचारोगतज्ज्ञांकडे जातात. नवीन काहीही, घरचं असो वा विकतचं, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. आणि सगळं एकदम बदलू नका. पुरळ आलं तर कशाने आलं तेच कळत नाही.

माई_सातारकर

माझा एक प्रश्न राहिला. केस रंगवायचे तर? दुकानातली काळी मेंदी चालेल?

सूक्ष्मदर्शक

माई, केसांचा रंग चीनमध्ये "विशेष" प्रसाधनांत मोडतो आणि त्या गटाला २०२१ ची सूट मिळालेली नाही. सनस्क्रीनचंही तसंच. त्यामुळे या दोन वस्तूंच्या बाबतीत कंपनी चीनमध्ये विकते का, हे आवर्जून विचारायला हवं.

"काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत बरेचदा पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची काहींना जबर ॲलर्जी येते. पाकिटावर "पी-फेनिलीनडायअमिन" शोधा. ते नको असेल तर शुद्ध मेंदीची पूड आणि निळीच्या पानांची पूड वेगवेगळी आणा. आधी मेंदी लावून धुवायची, मग नीळ कोमट पाण्यात कालवून लगेच लावायची. पहिल्या दिवशी केस जरा हिरवट दिसतील, एक-दोन दिवसांत रंग गडद होतो. समारंभ असेल तर दोन-तीन दिवस आधी लावा.